इंजिन नसलेल्या प्रवाशाचा अपघात

पावसाळा सरला आणि दिवाळीची चाहूल लागली, की महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दूर पल्ल्याच्या सायकलस्वारांचे जथे दिसू लागतात. कोणी पुण्याहून कन्याकुमारीस निघतो, कोणी मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोवा गाठतो. नाशिकच्या सायकलस्वारांनी तर आषाढीपूर्वी पंढरीची सायकलवारी करण्याचा प्रघातच पाडला आहे. निघताना नारळ फुटतो, गळ्यात हार पडतात, एखादा लोकप्रतिनिधी हिरवा झेंडा दाखवतो आणि पर्यावरणाच्या संदेशाची बातमी छायाचित्रासह छापून येते. पुढे यांपैकी एखादा वाटेत आपटला, हाडे मोडून घेऊन परतला किंवा परतलाच नाही, तर आतल्या पानावरच्या चार ओळींत त्याचा निकाल लागतो. त्या चार ओळी वाचून सुजाण वाचकाच्याही मनात पहिला प्रश्न उमटतो तो असा, की याला महामार्गावर सायकल घेऊन जायला सांगितले होते कोणी? या प्रश्नात दुष्टपणा नाही, पण एक गृहीत मात्र आहे: महामार्ग हा इंजिन असलेल्यांचा, आणि इंजिनावाचून तेथे येणारा आपल्या जबाबदारीवर आलेला आगंतुक होय. हे गृहीत लोकांच्या मनात असते तर त्याची फारशी क्षिती बाळगण्याचे कारण नव्हते. ते रस्त्यांच्या बांधणीत उतरले आहे आणि, अधिक चमत्कारिक म्हणजे, अपघातग्रस्तांवर दया दाखवण्यासाठी केलेल्या कायद्यांच्या शब्दांतही उतरले आहे.

सायकलवरून दूर जाण्याची हौस आपल्याकडे आजची नाही. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेस निघाले आणि त्यांपैकी आदी हकीम, जाल बापसोला व रुस्तम भुमगरा हे तिघे ती पुरी करून 1928 च्या मार्चमध्ये परतले. अलीकडच्या काळात नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सायकल शर्यत जोडीने पुरी केली; नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये तीच एकट्याने केली. वेदांगी कुलकर्णी ही वीस वर्षांची तरुणी 2018 च्या डिसेंबरमध्ये जगप्रदक्षिणा करून आली. वाटेत स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकाने लुटण्यात आले आणि डोक्याला मारही लागला, तरी ती पुढे गेली. ही प्रसिद्ध नावे झाली. त्यांच्यामागे बँकेतले कारकून, शाळामास्तर, निवृत्त अभियंते, गृहिणी असा मोठा वर्ग आहे. पॅरिसच्या ओदाक्स क्लबने घालून दिलेल्या नियमांनुसार 200, 300, 400 व 600 किलोमीटरच्या ज्या फेऱ्या येथे 'बीआरएम' या नावाने ओळखल्या जातात, त्यांत भाग घेणारे बहुतेक याच वर्गातले असतात. सहाशे किलोमीटरला चाळीस तासांची मुदत असते. शर्यत नसते, पहिला-दुसरा क्रमांक नसतो. वेळेत पुरे केल्याचे एक पदक काय ते मिळते. अशा निरुपद्रवी हौसेचे मोल काही जणांना फार मोठे द्यावे लागते.

हे मोल नवख्यांनाच द्यावे लागते असेही नाही. ब्रिटनचा माइक हॉल हा 2012 साली सायकलवरून जगप्रदक्षिणेची शर्यत जिंकलेला मोठा अनुभवी सायकलपटू. 31 मार्च 2017 रोजी ऑस्ट्रेलिया आडवी ओलांडण्याच्या अखेरच्या टप्प्यात, कॅनबराजवळ पहाटेच्या अंधारात मोटारीची धडक बसून तो जागीच गेला. सायकलस्वाराचे कौशल्य त्याला स्वतःच्या चुकीपासून वाचवते. मागून येणाऱ्याच्या चुकीपासून आणि पायाखालच्या रस्त्यापासून ते वाचवू शकत नाही.

रस्त्याचा विचार आधी करू, कारण दूरच्या सफरीतल्या बऱ्याच अपघातांत मागून धडक बसलेलीच नसते. सायकलस्वार पडलेला असतो. आणि तो का पडला हे पाहण्यासाठी कोणी खाली वाकत नाही. आपल्या महामार्गांवर डांबराचे थर एकावर एक चढत जातात, शेजारची साइडपट्टी मात्र पूर्वी होती तेथेच राहते. काही वर्षांत दोहोंत चार-सहा बोटांचा फरक पडतो. मोटारीच्या चाकाला तो जाणवतही नाही. सायकलस्वाराला मागून कर्णा ऐकू येतो, तो मुकाट्याने डांबरावरून खाली मुरुमात उतरतो आणि ट्रक गेल्यावर पुन्हा वर येऊ पाहतो. त्या कडेला तिरके चाक लागले की ते वर चढत नाही. कडेला घासत पुढे सरकते, हँडल हिसका देते आणि माणूस बाहेरच्या अंगाला न पडता आत, म्हणजे रस्त्याच्या मधोमध पडतो. त्याच वेळी पहिल्या ट्रकमागून दुसरा ट्रक येत असेल, तर पुढचे सांगण्याची गरज नाही. पंचनाम्यात मात्र 'सायकलस्वार अचानक मध्ये आला' असे वाक्य येते, आणि शब्दशः ते खोटेही नसते.

असे सापळे ठिकठिकाणी आहेत. पुलाच्या सांध्यांतील फटी, प्रवासाच्या दिशेला समांतर बसवलेल्या गटारांच्या जाळ्या, घाटमाथ्यावर वेग कमी व्हावा म्हणून मारलेले जाड पांढरे पट्टे, रुळांना तिरका छेदणारा रस्ता, वाळूच्या ट्रकमधून वळणावर सांडलेली वाळू, सुगीत डांबरावरच घातलेली खळी. कोकणात किनाऱ्याच्या वाटेने जाणाऱ्यास दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ अशा तरींतून खाड्या ओलांडाव्या लागतात. त्या धक्क्यांच्या शेवाळलेल्या उतारावर, सायकल हाताने धरून चालतानाही घसरून मनगट मोडून घेता येते. पुणे–सातारा मार्गावर नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार मालमोटारींच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. साताऱ्याहून दिवसभर सायकल मारून थकलेला माणूस संध्याकाळच्या गर्दीत नेमका त्याच उतारावर येतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलीस बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण इतर महामार्गांवर बंदी नाही, सोयही नाही. सेवारस्ता म्हणून जी पट्टी असते ती मध्येच संपते, आणि जेथे संपते तेथे सायकलस्वाराने काय करावे हे सांगणारी पाटीदेखील नसते. मुंबई–गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाला 2011 साली हात लागला. त्यानंतर किती मुदती उलटल्या याची मोजदाद कोकणी माणसाने केव्हाच सोडून दिली आहे. अर्धवट कामाचा रस्ता हा मोटारीला त्रासदायक असतो. सायकलीला तो प्राणघातक असू शकतो, कारण तेथे वळणमार्ग आहे हे अंधारात कळते ते चाक खडीत रुतल्यावर.

आता पडल्यानंतरची गोष्ट. समजा, दोघे मित्र पहाटे महाडहून निघाले आहेत आणि कशेडीच्या अलीकडे कोठेतरी पुढचा पडतो. सायकलवरून पडणारा माणूस स्वभावतः हात पुढे टाकतो. त्यामुळे मनगट, कोपर किंवा खांद्यापासून गळ्याकडे येणारे आडवे हाड मोडणे हे या अपघातांत नेहमीचे. ते दुखते, पण त्याने सहसा कोणी मरत नाही. खरी भीती असते ती डोक्याला बसलेल्या मुक्या माराची. रक्त येत नाही, शिरस्त्राणाला एक चीर गेलेली असते. पडलेला माणूस उठून बसतो, 'काही झाले नाही' म्हणतो, पाणी पितो, सायकलचे हँडल सरळ करतो. सफर सोडून द्यावी लागेल या कल्पनेने तो स्वतःशीही खोटे बोलतो. तासाभराने तेच तेच प्रश्न पुन्हा विचारू लागतो, ओकतो किंवा त्याला झोप येऊ लागते. आणि तोवर दोघे वस्तीपासून आणखी दहा मैल दूर गेलेले असतात. डोक्याला मार बसला आणि क्षणभर जरी शुद्ध हरपली किंवा पडल्याचे आठवत नसले, तर पुन्हा सायकलवर बसता कामा नये, हे सफरीच्या संयोजकांनी निघण्यापूर्वी दहा वेळा सांगायला हवे. पंक्चर कसे काढावे हे तासभर शिकवले जाते, याला पाच मिनिटेही दिली जात नाहीत.

महाराष्ट्रात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा 2014 साली 937 गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत, हे मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय महामार्गांसाठी 1033 हा वेगळा क्रमांक आहे. पण फोन करणाऱ्याला आपण कोठे आहोत हे सांगता आले पाहिजे, आणि परगावच्या सायकलस्वाराला घाटातल्या वळणाचे नाव ठाऊक नसते. अशा वेळी उपयोगी पडतो तो चहाच्या टपरीवाला, दूध घालून परतणारा शेतकरी किंवा रिकामा टेम्पो. आपल्याकडे अपघात पाहून लोक थांबत नाहीत अशी जी ओरड होते ती अर्धवट खरी आहे. लोक थांबतात, ते घाबरतात पुढच्या पोलीस ठाण्याला, साक्षीच्या तारखांना आणि इस्पितळात 'तुम्ही पेशंटचे कोण?' असे विचारून पुढे सरकवलेल्या कागदाला. ही भीती घालवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी मार्गदर्शक नियमांना कायद्याचे बळ दिले, आणि 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम घालून मदत करणाऱ्या त्रयस्थास संरक्षण देण्यात आले. मदत करणाऱ्यावर आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. एवढ्यावर न थांबता सरकारने बक्षीसही ठेवले: 2021 मध्ये पाच हजार रुपये, 2025 मध्ये ते वाढवून पंचवीस हजार.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु हे कलम कायद्याच्या पुस्तकात काढून शांतपणे वाचावे. त्रयस्थास संरक्षण आहे ते मोटार वाहनाचा संबंध असलेल्या अपघातातील जखमीस केलेल्या मदतीबाबत. बक्षीस आहे तेही मोटार वाहनाचा संबंध असलेल्या अपघाताबाबतच. आणि आता सर्वांत महत्त्वाची योजना पाहू. अपघातग्रस्तास पहिल्या तासात, ज्याला डॉक्टर 'सुवर्ण तास' म्हणतात, पैशाचा प्रश्न न विचारता उपचार मिळावेत अशी तरतूद 2019 च्या दुरुस्तीने झाली. ती 1 एप्रिल 2022 पासून अंमलात आली, पण योजना काही निघेना. सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2025 रोजी सरकारचे कान पिळले, तेव्हा कोठे 5 मे 2025 रोजी योजना प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार जखमीस अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैशावाचून मिळायचे आहेत. कोणत्या जखमीस? ज्याचा अपघात मोटार वाहनाच्या वापरातून उद्भवला आहे त्यास.

याचा अर्थ काय होतो तो नीट ध्यानात घ्यावा. एकाच खड्ड्यात सकाळी एक मोपेडवाला पडला आणि दुपारी एक सायकलवाला. खड्डा तोच, हाड तेच, इस्पितळही तेच. मोपेड हे मोटार वाहन असल्यामुळे तिचा स्वार योजनेच्या शब्दांत बसतो. सायकलवाला बसत नाही, कारण त्याच्या अपघातात इंजिन नव्हते. त्याला टेम्पोत घालून नेणारा दुपारचा टेम्पोवाला जे पुण्य करतो तेही कायद्याच्या लेखी सकाळच्या पुण्यापेक्षा हलक्या प्रतीचे. कायदा मोटार वाहनांचा आहे म्हणून त्यात मोटारीचाच विचार असणार, असा खुलासा यावर करता येईल. तो तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे. पण रस्त्यावर पडलेल्या माणसाचा जीव वाचवण्याची जबाबदारी शासनाने एकदा पत्करल्यावर, तो कशावरून पडला हे इस्पितळाच्या दारात विचारण्याचे प्रयोजन काय?

धडक न देता पाडणाऱ्या वाहनांचा प्रश्न याहून अवघड आहे. भरधाव कंटेनर सायकलला हातभर अंतरावरून ओलांडतो. आधी त्याच्या वाऱ्याचा लोट सायकलला बाहेर ढकलतो आणि तो पुढे जाताच मोकळी झालेली हवा तिला आत ओढते. सायकलस्वार पडतो, कंटेनरला स्पर्शही झालेला नसतो, चालकाला तर पत्ताही नसतो. वाहनाच्या 'वापरातून उद्भवलेला' या शब्दांचा अर्थ आपली न्यायालये उदारपणे लावत आली आहेत. 1987 मध्ये पुणे–बंगलोर महामार्गावर उलटलेल्या एका पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला, तेव्हा तो स्फोटही टँकरच्या वापरातूनच उद्भवला असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये दिला होता. तेव्हा कंटेनरच्या वाऱ्याने पडलेल्यासही कायदा वाऱ्यावर सोडणार नाही, असे म्हणता येईल. मात्र ते सिद्ध करायचे कोणी आणि कोणाविरुद्ध? वाहनाचा क्रमांक नाही, साक्षीदार नाही. वाहन अज्ञात असले तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये भरपाई 1 एप्रिल 2022 पासून ठरली आहे. पण त्यासाठीही अज्ञात का होईना, वाहन होते हे पोलिसांच्या कागदावर यावे लागते. परगावी, मोडलेल्या हाताने, परतीची गाडी गाठण्याच्या घाईत असलेला सायकलस्वार बहुधा फिर्याद देतच नाही. आणि फिर्याद नाही म्हणून तो अपघात कोणत्याही आकडेवारीत येत नाही. आकडेवारीत नाही म्हणून त्या जागेवर कोणा अभियंत्याची नजर जात नाही.

खड्ड्यांपुरता एक नवा आधार मिळाला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये असा आदेश दिला, की खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमी झाल्यास जखमेच्या स्वरूपानुसार पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई संबंधित यंत्रणेने द्यावी आणि ती जबाबदार अधिकाऱ्यांकडून व कंत्राटदारांकडून वसूल करावी. येथे इंजिनाची अट नाही, हे विशेष. याउलट, रस्त्याच्या सदोष बांधणीमुळे कोणी मेला वा अपंग झाला तर कंत्राटदारास व यंत्रणेस शिक्षा म्हणून मोटार वाहन कायद्यात 198-अ हे कलम 2019 मध्ये आले, त्यातील दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये आहे. कोट्यवधींची कंत्राटे घेणाऱ्यास ही रक्कम निविदेच्या कागदांच्या खर्चात खपून जाईल.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. हे हौशी लोक आहेत, महागड्या सायकली बाळगतात, आपणहून धोका पत्करतात. त्यांच्या मोडलेल्या हाडांची चिंता सार्वजनिक पैशाने का वाहावी? या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. कानात यंत्रे अडकवून गाणी ऐकत घाट उतरणारे, गप्पा मारत तिघे-तिघे आडवे जाणारे, मागचा दिवा विझला तरी तसेच रात्रभर चालवणारे महाभाग या पंथात आहेत. पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाला आपले पुढचे चाक टेकले की पडतो तो मागचा, हा साधा धडा न शिकता थव्याने धावणारेही आहेत. चाळीस तासांच्या मुदतीपायी दुसऱ्या रात्री झोप टाळणे हा पराक्रम मानला जातो. तो पराक्रम नव्हे. संयोजक सहभागी होणाऱ्यांकडून 'सर्वस्वी माझ्या जबाबदारीवर' असे लिहून घेतात आणि आपण मोकळे झालो असे मानतात, हेही बरे नाही.

पण आक्षेपाचा मुख्य भाग टिकत नाही, आणि तो का टिकत नाही हे पाहण्यासाठी सफरीच्या सायकलस्वाराच्या शेजारून त्याच रस्त्यावर कोण चालले आहे ते पाहावे. साखर कारखान्यावर पाळीला जाणारा कामगार, पहाटे दुधाच्या किटल्या लावून निघालेला गवळी, शाळेसाठी तीन-चार मैल सायकल मारणारी आठवीतली मुलगी. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्या कुटुंबांत सायकल आढळली. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सायकलस्वार चार हजार आठशेच्या आसपास होते, म्हणजे रोज सरासरी तेरा. या तेरांत हौशी सफरवाला क्वचितच एखादा असेल. बाकीच्यांचा अपघात त्याच कडेला, त्याच फटीत, त्याच कंटेनरमुळे होतो. फरक इतकाच, की त्यांची बातमी चार ओळींचीही होत नाही. सफरवाल्याला निदान मित्र असतात, फोन असतो, कधी वैयक्तिक अपघात विमाही असतो, आणि त्याच्या गावच्या वृत्तपत्रात लिहिणारा कोणी ओळखीचा असतो. आपल्या भाषेतही हा बदल उमटला आहे. 'दुचाकी' म्हटले की एके काळी सायकलच डोळ्यांपुढे येई; आज तो शब्द मोटारसायकलने बळकावला आहे आणि सायकलला तिचे मराठी नावही उरलेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्येच आणखी एक आदेश दिला आहे, त्याची चर्चा मात्र आपल्याकडे फार थोडी झाली. मोटार वाहन कायद्याच्या 138 (1-अ) या कलमाने पादचारी आणि इंजिन नसलेली वाहने यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना 2019 मध्ये मिळाला. 210-ड या कलमाने राष्ट्रीय महामार्गांखेरीज इतर रस्त्यांच्या आखणी-बांधणीविषयी नियम करण्याचाही मिळाला. राज्यांनी हे नियम सहा महिन्यांत करावेत, असे न्यायालयाने फर्मावले. सरकारी नियमांची आपली रीत पाहता, सायकलस्वाराने काय काय करू नये याची एक यादी प्रसिद्ध होण्याचा संभव अधिक. घंटी हवी, दिवा हवा, डावी बाजू सोडू नये, वगैरे. हे सारे योग्य असले तरी त्याने साइडपट्टी एक इंचही वर येत नाही.

नियमांची परीक्षा दोन-तीन साध्या गोष्टींवर करता येईल. सायकलला ओलांडताना किती अंतर सोडायचे, हे आकड्यात सांगितले आहे की नाही? फ्रान्समध्ये ते वस्तीत एक मीटर आणि वस्तीबाहेर दीड मीटर असे ठरलेले आहे. 'पुरेसे अंतर' असा शब्द वापरला की ते चालकाच्या मर्जीवर जाते. डांबर आणि साइडपट्टी यांतील फरक किती चालेल आणि तो वाढल्यास किती दिवसांत भरायचा, हे देखभालीच्या कंत्राटात आहे की नाही? सायकलपथांच्या आखणीबद्दलच्या शिफारशी इंडियन रोड्स काँग्रेसने 1962 मध्येच प्रसिद्ध केल्या आणि 2015 मध्ये त्या सुधारल्या. म्हणजे ज्ञानाची उणीव नाही. ते कंत्राटाच्या अटींत उतरत नाही, एवढेच. आणि तिसरी गोष्ट जबाबदारीची. हॉलंडमध्ये 1971 साली रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यावर तेथे जे आंदोलन उभे राहिले त्याने त्या देशाचे रस्ते बदलले. तेथील कायद्यात आज मोटारीची सायकलला धडक झाली, तर नुकसानीचा बोजा प्रथम मोटारवाल्यावर पडतो. सायकलस्वार प्रौढ असेल आणि त्याची चूक असली तरी सहसा निदान निम्मी भरपाई, चौदा वर्षांखालील मूल असेल तर पुरी. एका दिवसात हे येथे येणार नाही, आणि आले तर विमा कंपन्या हप्ते वाढवतील हेही खरे. पण धडकेत कोणाचे वजन वीस टन होते आणि कोणाचे वीस किलो, याची कायद्याने दखल घ्यावी ही कल्पना फार क्रांतिकारक नाही.

उपचार योजनेतील इंजिनाची अट काढायला मात्र संसदेपर्यंत जाण्याचीही वाट पाहावी लागू नये. राज्य शासन आपल्या आरोग्य योजनेतून, रस्त्यावर पडलेल्या कोणत्याही जखमीस, मग तो सायकलवरून पडो की बैलगाडीवरून, पहिल्या सात दिवसांसाठी तीच दीड लाखांची हमी देऊ शकते. अशा जखमींची संख्या मोटार अपघातांच्या मानाने थोडी असल्याने खर्च फार येऊ नये. शिवाय असे केल्याने आणखी एक लाभ होईल: इस्पितळाच्या नोंदीत जागेचे नाव येईल, आणि जे अपघात आज कोणत्याच दफ्तरात नाहीत ते निदान एका दफ्तरात दिसू लागतील.

दरम्यान कोकणात रेवस ते रेडी या सागरी मार्गावर खाड्यांवरील पुलांची कामे हाती घेण्यात आली आहेत. ते पूल झाले की तरींचे शेवाळलेले धक्के टळतील, आणि गोव्याच्या वाटेवरच्या सायकलस्वाराइतकीच पलीकडच्या गावातल्या शाळकरी मुलांचीही सोय होईल. या पुलांच्या कठड्याला लागून दीड-दोन मीटरची वेगळी पट्टी असणार की नाही, हे नकाशावरच ठरते. पूल उभा राहिल्यावर, भर वाऱ्यात आणि मागून येणाऱ्या डंपरच्या पुढे, ती पट्टी कोठून आणायची हा प्रश्न कोणत्याही अभियंत्याला सोडवता येणार नाही.